पसंती, सुपारी की साखरपुडा? अमेरिकी कॉलेज खेळांतल्या ‘कमिटमेंट’ची पार्श्वभूमी

डिसेंबरचा पहिला बुधवार, म्हणजे शाळकरी फुटबॉलपटूंनी विद्यापीठांच्या कागदावर सही करायचा दिवस, जवळ आला की अमेरिकेत दिलेला शब्द मोडण्याचा वाद नव्याने पेटतो. शाळेत शेवटच्या वर्षाला असलेला एखादा फुटबॉलपटू (हा फुटबॉल म्हणजे हातात चेंडू घेऊन खेळायचा अमेरिकी फुटबॉल) आठ-दहा महिने एका विद्यापीठाचा म्हणून ओळखला जातो आणि सहीच्या तोंडावर दुसरीकडे जातो. मग ‘शब्दाला जागला नाही’, ‘सचोटी नाही’ अशी बोलणी सुरू होतात. बोलणारी माणसे बहुतेक चाळिशी-पन्नाशीची असतात आणि ज्याच्याबद्दल बोलतात तो सतरा वर्षांचा असतो. तो शब्द कोणी, कोणाला आणि कशाच्या बदल्यात दिला होता, हे मागे जाऊन पाहिले की सगळा दोष मुलाच्या पदरात टाकणे मला तरी जमत नाही.

खेळासाठी उघड शिष्यवृत्ती द्यायला देशपातळीवर मोकळीक मिळाली ती १९५६ मध्ये. त्याआधीची पन्नास वर्षे बहुतांशी चोरून दिलेले पैसे आणि नावापुरत्या नोकऱ्या यांची होती. शिष्यवृत्ती अधिकृत झाल्यावर मुलांची पळवापळवी वाढली. विद्यापीठांच्या काही विभागीय संघटनांनी आपापली हमीपत्रे काढली, पण ती त्या संघटनेपुरतीच चालत. एका विभागात सही केलेला मुलगा दुसऱ्या विभागातल्या विद्यापीठात बिनदिक्कत खेळू शके. म्हणून १९६४ मध्ये सात विभागीय संघटना आणि आठ स्वतंत्र संस्थांनी मिळून एक राष्ट्रीय पत्र आणले. त्यावर सही झाली की बाकीच्या प्रशिक्षकांनी त्या मुलाचा पिच्छा सोडायचा. मुलगा तरीही दुसरीकडे गेला तर त्याने मैदानाबाहेर बसायचे. ही शिक्षा आधी दोन वर्षांची होती, पुढे ती एका वर्षावर आली.

हे पत्र विद्यापीठाशी होते, प्रशिक्षकाशी नव्हते, आणि तसे ते स्पष्ट सांगतही असे. पण मुलाच्या घरी येऊन त्याच्या आईशेजारी सोफ्यावर बसलेला असे तो प्रशिक्षक. ‘चार वर्षे मी याला सांभाळतो’ असे सांगणाराही तोच. सहीनंतर आठवड्याभरात त्याला दुसरीकडे मोठ्या पगाराची नोकरी मिळाली तर तो निघून जाई. त्याला एकही सामना बाहेर बसावे लागत नसे. मुलगा मात्र बांधलेला राही.

हे झाले सहीनंतरचे. खरा गुंता सहीच्या आधीच्या काळात आहे, आणि तो गुंता एका शब्दाचा आहे.

आपल्याकडे लग्न जुळवताना पसंती कळवणे वेगळे, सुपारी फुटणे वेगळे, साखरपुडा वेगळा. पसंती कळवून नंतर नको म्हटले तर थोडी कुजबुज होते, साखरपुडा मोडला तर नातीच तुटतात. कुठल्या पायरीवरून मागे फिरले की किती दुखते, हे दोन्ही घरांना आधीच माहीत असते. अमेरिकी कॉलेज खेळांत या सगळ्या पायऱ्यांना मिळून एकच शब्द रूढ झाला, ‘कमिट’. दहावीतल्या मुलाने फोनवर ‘मला तुमच्याकडे आवडेल’ म्हटले तरी तो कमिट. पालकांसह कागदावर सही केली तरीही कमिटच. यातल्या पहिल्या प्रकाराला नियमांत कसलेही बंधन नाही. ती तोंडी बोली आहे, आणि ती दोन्ही बाजूंनी मोकळी आहे. तिथे मुलगा फिरला तर बातमी होते, विद्यापीठ फिरले तर सहसा होत नाही. चर्चेत बहुतेक वेळा निसटते ते हेच.

शब्द विरळ झाला तशी त्याला ठिगळे लागत गेली. ‘सॉफ्ट कमिट’ म्हणजे कल आहे, पण अजून इतरांशी बोलणी चालू आहेत. ‘सायलेंट कमिट’ म्हणजे प्रशिक्षकाला सांगितले, जगाला नाही. ‘फ्लिप’ म्हणजे एकाचा शब्द मोडून त्याच दमात दुसऱ्याला देणे. मला यातली सर्वांत बोलकी वाटते ती ‘कमिटेबल ऑफर’. हा शब्दप्रयोग आहे याचाच अर्थ असा की शिष्यवृत्तीची ऑफर मिळाली तरी ती स्वीकारता येईलच असे नाही. फुटबॉलमध्ये लेखी ऑफर शाळेच्या शेवटच्या वर्षाच्या १ ऑगस्टपूर्वी देता येत नसे, त्यामुळे त्याआधीचे सगळे तोंडीच. प्रशिक्षक एकाच जागेसाठी चार-पाच मुलांना ‘ऑफर’ देऊन ठेवतात. त्यातल्या तिसऱ्या पसंतीच्या मुलाने उत्साहाने होकार कळवला की त्याला सांगितले जाते, ‘थोडा थांब, अजून एक कॅम्प (सराव शिबिर) करून जा.’ मुलाचा होकार शब्द ठरतो आणि विद्यापीठाची ऑफर नुसता अंदाज. दोघांना एकच मोजपट्टी लावायला हवी होती.

२०१० मध्ये डेलावेअर राज्यातल्या १३ वर्षांच्या, सातवीतल्या मुलाने कॅलिफोर्नियातल्या एका नामांकित विद्यापीठाला होकार दिला आणि त्याची देशभर बातमी झाली. ज्या प्रशिक्षकाने त्याला बोलावले त्याला २०१३ मध्ये काढून टाकले गेले. मुलगा शेवटी वेस्ट व्हर्जिनियात खेळला. सातवीतले मूल चार-पाच वर्षांपुढचा शब्द देते आणि मोठी माणसे तो घेतात, तेव्हा सचोटीचा प्रश्न कोणाला विचारायचा? लॅक्रॉस (जाळीच्या काठीने चेंडू झेलत-फेकत खेळायचा खेळ) आणि सॉफ्टबॉलमध्ये तर आठवी-नववीतल्या मुलींचे होकार नित्याचे झाले होते. २०१७ मध्ये लॅक्रॉसने अकरावीच्या १ सप्टेंबरपूर्वीच्या संपर्कावर बंदी आणली आणि २०१९ पर्यंत बहुतेक खेळांनी तसलेच नियम केले.

विद्यापीठांनी स्वतःचा शब्द किती आखूड ठेवला, हेही नोंदवायला हवे. १९७३ पासून खेळाची शिष्यवृत्ती एकेका वर्षाची झाली. दर उन्हाळ्यात तिचे नूतनीकरण, आणि ते बहुतांशी प्रशिक्षकाच्या मर्जीवर. म्हणजे ज्या मुलाला ‘चार वर्षांचा शब्द मोडला’ म्हणून बोल लावला जाई, त्याला समोरून हमी मिळत होती एका वर्षाची. २०११ च्या अखेरीस अनेक वर्षांची शिष्यवृत्ती देण्याची मुभा आली. मुभाच, सक्ती नव्हे. तरीही कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेतल्या (एनसीएए) सदस्य विद्यापीठांनी ती रद्द करण्यासाठी मतदान मागितले. २०१२ च्या फेब्रुवारीत ३३० पैकी २०५ मते मुभा काढून टाकण्याच्या बाजूने पडली. रद्द करण्यासाठी ६२.५ टक्के हवे होते, पडले ६२.१२. दोन मतांनी ती मुभा वाचली. लांबचा शब्द देण्याची नुसती परवानगीसुद्धा ज्यांच्यातल्या बहुसंख्यांना नको होती, त्यांनी सतरा वर्षांच्या पोराकडून लांबचा शब्द मागावा, हे मला पटत नाही.

अमेरिकेच्या दक्षिणेत त्याच सुमारास दुसरा प्रकार जोरात होता. वर्षाला २५ नव्या शिष्यवृत्त्यांची मर्यादा असताना २००९ मध्ये एका विद्यापीठाने ३७ जणांच्या सह्या घेतल्या. जास्तीच्या मुलांपैकी काहींना ऐनवेळी सांगायचे, ‘यंदा जागा नाही, जानेवारीत ये.’ याला ‘ग्रेशर्ट’ म्हणतात. मुलाने तोवर बाकी सगळ्यांना नकार कळवलेला असे. त्या विद्यापीठाच्या विभागीय संघटनेने आधी २८ आणि मग २०११ मध्ये २५ सह्यांची मर्यादा घातली.

सहीचा दिवस ज्यांनी शाळेच्या जिममध्ये बसून पाहिला आहे त्यांना तो देखावा आठवेल. टेबलावर तीन-चार विद्यापीठांच्या टोप्या मांडलेल्या, मागे आजी, धाकटा भाऊ, शाळेचा प्रशिक्षक. मुलगा एका टोपीकडे हात नेतो, थांबतो, दुसरी उचलतो आणि डोक्यावर घालतो. टाळ्या पडतात. दूरच्या एखाद्या राज्यात कोणी फॅक्स मशीनजवळ त्याच्या पत्राची वाट पाहत उभा असतो आणि ते येत नाही. तिथले नुकसान खरे आहे, ते मी नाकारत नाही. त्याच जागेसाठी आलेल्या दुसऱ्या मुलाला त्यांनी आधीच ‘जागा भरली’ असे कळवलेले असते. ज्याला आधीच ठाऊक होते त्याने शेवटच्या सकाळपर्यंत न सांगणे हा दोषच आहे. मन बदलणे मात्र दोष नाही. पण टीका सरसकट मन बदलण्यावरच होते.

आपल्या मराठी घरांना हा विषय फुटबॉलमुळे नाही, तर स्क्वॉश, टेनिस, तलवारबाजी आणि पोहण्यामुळे ओळखीचा आहे. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या आठ जुन्या विद्यापीठांनी (आयव्ही लीग) १९५४ मध्येच खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायची नाही असे आपसांत ठरवले, म्हणून तिथे ते राष्ट्रीय पत्र कधी नव्हतेच. तिथे असतो प्रशिक्षकाचा ‘सपोर्ट’, म्हणजे प्रवेश कार्यालयाकडे शिफारस, आणि नशीब असेल तर १ ऑक्टोबरनंतर त्या कार्यालयाचे ‘लाइकली लेटर’, म्हणजे प्रवेश बहुधा मिळेल असे सांगणारे पत्र. माझ्या ओळखीच्या एका पुणेरी कुटुंबातल्या मुलीला अशाच एका ठिकाणच्या प्रशिक्षकाने जुलैत होकार दिला होता. तिने बाकी तिघांना आभाराचे ईमेल पाठवले, आईने प्रत्येक वाक्य वाचून दिले. सप्टेंबरात प्रशिक्षक नोकरी सोडून गेला आणि नव्या प्रशिक्षकाने कळवले की त्याची यादी वेगळी आहे. कोणी त्याला वचनभंग म्हटले नाही. त्या मुलीने त्या तिघांपैकी एकाला पुन्हा लिहिले तेव्हा मात्र पहिला प्रश्न आला, ‘तू तर दुसरीकडे कमिट होतीस ना?’

२०१८ नंतर सगळेच झपाट्याने बदलले. त्या वर्षी १५ ऑक्टोबरला ट्रान्स्फर पोर्टल, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन नोंद, सुरू झाले. २०२१ च्या एप्रिलमध्ये एकदा विनाशिक्षा विद्यापीठ बदलण्याची मुभा सगळ्या खेळांना मिळाली, आणि १ जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावाचे व प्रतिमेचे पैसे घेता येऊ लागले. आता होकाराला किंमत जोडली गेली. २०२२ च्या नोव्हेंबरात एका क्वार्टरबॅकने (चेंडू फेकून संघाचे आक्रमण चालवणारा खेळाडू) फ्लोरिडातल्या एका विद्यापीठाला दिलेला होकार मोडून त्याच राज्यातल्या दुसऱ्या विद्यापीठाला दिला. त्यामागे या दुसऱ्या विद्यापीठाच्या देणगीदारांच्या गटाशी १ कोटी ३८ लाख ५० हजार डॉलरचा करार होता. मुलाला पैशाचा लोभी ठरवून लोक मोकळे झाले. डिसेंबरात तो करार देणाऱ्यांनीच रद्द केला. मुलाने तरीही सही केली, जानेवारीत पत्रातून सुटका मागून घेतली आणि ॲरिझोनात गेला. २०२४ मध्ये त्याने फसवणुकीचा दावा लावला.

१९६४ चे ते पत्र २०२४ च्या ऑक्टोबरात मोडीत निघाले. त्याची जागा आर्थिक मदतीच्या करारांनी घेतली. त्यात इतर प्रशिक्षकांनी दूर राहण्याची अट कायम आहे. ६ जून २०२५ ला मंजूर झालेल्या न्यायालयीन तडजोडीने विद्यापीठांना पहिल्या वर्षी (२०२५-२६) सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत थेट खेळाडूंना वाटायची वाट खुली केली. पण त्याच तडजोडीत शिष्यवृत्त्यांची मर्यादा जाऊन संघातल्या जागांची मर्यादा आली, फुटबॉलसाठी १०५. मंजुरीची वाट न पाहता विद्यापीठांनी आधीच संघ छाटायला घेतले. शाळेच्या शेवटच्या वर्षातल्या, जागा कबूल झालेल्या मुलामुलींनाही वसंतात ‘आता जागा नाही’ असे फोन आले. एप्रिलमध्ये न्यायाधीशांनी या कारणावरून मंजुरी अडवली. मग विद्यापीठांनी अशा खेळाडूंच्या याद्या करायच्या आणि त्यांना संघात घेतले तर ते मर्यादेत मोजायचे नाहीत, असा तोडगा निघाला. त्यांना परत घ्यायचे बंधन मात्र कोणत्याही विद्यापीठावर घातले गेले नाही.