अमर्याद मोबाइल डेटा योजना

ठरावीक शुल्कात आणि ठरावीक मुदतीत, वापर वाढला म्हणून जादा पैसे न लावता मोबाइलवर इंटरनेट पुरवण्याचा करार. बोलण्यात याला ‘अनलिमिटेड प्लॅन’ किंवा ‘अनलिमिटेड पॅक’ म्हणतात. यात कंपनी खरी हमी देते ती बिलाची. डेटा कितीही खर्च झाला तरी रक्कम वाढणार नाही, एवढेच ती कबूल करते. वेग किती राहील, हॉटस्पॉट चालेल का, व्हिडिओ किती स्पष्ट दिसेल, परदेशात गेल्यावर काय होईल, या प्रश्नांची उत्तरे जाहिरातीत नसतात. ती अटींच्या कागदात असतात आणि ग्राहकांच्या बहुतेक तक्रारींचे मूळही तिथेच सापडते.

मर्यादा घालण्यामागे तांत्रिक कारण आहे. मोबाइल टॉवरचा परिसर साधारणपणे काही सेक्टरांत विभागलेला असतो. एका सेक्टरमध्ये त्या क्षणी जोडलेले सगळे फोन एकाच रेडिओ लहरींच्या पट्ट्यात वाटेकरी असतात. पट्टा मोजकाच असल्याने संध्याकाळच्या गर्दीत प्रत्येकाच्या वाट्याला कमी वेग येतो. मात्र महिनाभरात कोणी एकूण किती जीबी वापरले, याचा या गर्दीशी थेट संबंध नसतो. पहाटे तीन वाजता ५० जीबी उतरवून घेणारा कोणाच्याच वाटेत येत नाही, तर रात्री नऊ वाजता भरलेल्या सेक्टरमध्ये २ जीबी वापरणारा येतो. तरीही बहुतेक कंपन्या मर्यादा एकूण वापरावरच लावतात, कारण ती मोजायला आणि सांगायला सोपी असते. काही प्रमाणात ती महागडा प्लॅन विकण्याची सोयही असते.

सर्वांत परिचित मर्यादा म्हणजे वेगवान डेटाचा कोटा. तो संपला की इंटरनेट बंद पडत नाही, पण वेग एकदम खाली येतो. याला थ्रॉटलिंग म्हणतात आणि अटींत त्याची नोंद ‘फेअर यूसेज पॉलिसी’ म्हणजे एफयूपी या नावाखाली असते. अनेक देशांत कोटा महिन्याचा असतो. भारतात २०१६ नंतर रोजच्या कोट्याची पद्धत रुळली. त्यात रात्री कोटा नव्याने सुरू होतो आणि न वापरलेला डेटा बहुतेक योजनांत पुढे जात नाही. कोटा संपल्यावरचा वेग अनेक ठिकाणी ६४ किंवा १२८ केबीपीएस, म्हणजे सेकंदाला तितके किलोबिट, असतो (आठ बिट म्हणजे एक बाइट). ६४ केबीपीएसने १ एमबीचा फोटो उतरायला दोन मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो. मजकुराचे संदेश जातात, पण नकाशा रेंगाळतो आणि व्हिडिओ चालतच नाही. या वेगातही एक छुपी मर्यादा आहे. फोन चोवीस तास सलग डेटा ओढत राहिला तरी ६४ केबीपीएसने दिवसाला सुमारे ६९० एमबीच येतात, म्हणजे ३० दिवसांत २१ जीबीच्या आत. वेगाला कमाल आकडा आला की डेटालाही तो आपोआप येतो. म्हणून योजना पारखताना कोट्याइतकाच, कोटा संपल्यानंतरचा वेग पाहावा.

दुसरा प्रकार प्राधान्य कमी करण्याचा आहे आणि तो थ्रॉटलिंगपेक्षा वेगळा आहे. यात वेगाला कायमचा लगाम नसतो. ठरलेला टप्पा ओलांडलेल्या ग्राहकाची माहिती सेक्टर भरलेला असेल तेव्हा रांगेत मागे ढकलली जाते. गर्दी नसेल तर त्याला पूर्ण वेग मिळतो. ४जी जाळ्यात प्रत्येक जोडणीला क्यूसीआय नावाचा वर्गक्रमांक दिलेला असतो आणि कोणाची माहिती आधी पाठवायची हे टॉवर त्यावरून ठरवतो. ५जीमध्ये हेच काम ५क्यूआय करतो. स्वस्त योजनांचे आणि दुसऱ्याचे जाळे भाड्याने घेऊन सेवा विकणाऱ्या कंपन्यांचे ग्राहक बरेचदा पहिल्या एमबीपासूनच खालच्या वर्गात असतात. घरी झकास चालणारे सिम स्टेडियममध्ये किंवा गर्दीच्या स्थानकावर गप्प होते आणि शेजाऱ्याच्या फोनवर त्याच कंपनीचे इंटरनेट चालू असते, ते अनेकदा यामुळे. स्पीड टेस्टमध्ये हा फरक सहसा दिसत नाही, कारण ती चाचणी आपण घरी बसून करतो.

या अटी कशा घडल्या हे अमेरिकेच्या इतिहासात स्वच्छ दिसते. २००७ मध्ये आयफोन आला तेव्हा एटी अँड टी ही दूरसंचार कंपनी त्यासोबत अमर्याद डेटा देत असे. वापर अपेक्षेबाहेर वाढला आणि २०१० मध्ये कंपनीने ही योजना नव्या ग्राहकांसाठी बंद केली. जुन्यांची ती चालू राहिली, पण २०११ पासून ठरावीक वापरानंतर त्यांचा वेग कापला जाऊ लागला. काहींच्या बाबतीत हा टप्पा महिन्याला अवघा २ जीबी होता. फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी आयोगाने २०१४ मध्ये दावा ठोकला. ३५ लाखांहून अधिक ग्राहकांना याची झळ बसल्याचे आयोगाने म्हटले. २०१९ मध्ये कंपनीने ६ कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवले. वेग कापला हा आयोगाचा मुख्य आक्षेप नव्हता. ‘अमर्याद’ म्हणून विकताना ही गोष्ट ग्राहकाला पुरेशी सांगितली नाही, हा होता.

२०१८ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात मेंडोसिनो कॉम्प्लेक्स वणवा पेटला होता. तेव्हा सँटा क्लारा काउंटी अग्निशमन दलाच्या समन्वय वाहनातील व्हेरायझन या मोबाइल कंपनीची जोडणी महिन्याचा २५ जीबीचा टप्पा ओलांडल्यामुळे मंदावली. दलाच्या प्रमुखांनी न्यायालयात सादर केलेल्या निवेदनानुसार वेग आधीच्या दोनशेव्या भागावर आला आणि तो परत मिळवण्यासाठी महागडा प्लॅन घ्यावा लागला. आणीबाणीत अशी बंधने उठवायची असतात, ती न उठवणे ही ग्राहकसेवेची चूक होती, असे कंपनीने नंतर मान्य केले. अग्निशमन दलाची योजनाही ‘अनलिमिटेड’च होती.

हॉटस्पॉटसाठी बहुतेक योजनांत वेगळा, लहान कोटा असतो. फोनच्या पडद्यावर माणूस किती डेटा खाऊ शकतो याला नैसर्गिक मर्यादा आहे. त्याच फोनला लॅपटॉप आणि टीव्ही जोडले की ती राहत नाही. हॉटस्पॉट ओळखण्याची एक जुनी पद्धत टीटीएल या आकड्यावर चालते. इंटरनेटवरच्या प्रत्येक पॅकेटवर, म्हणजे माहितीच्या तुकड्यावर, हा आकडा असतो आणि वाटेतल्या प्रत्येक उपकरणातून जाताना तो एकाने घटतो. फोनमधून निघालेले पॅकेट बहुधा ६४ ने सुरू होते, पण हॉटस्पॉटवरच्या दुसऱ्या फोनचे पॅकेट ६३ होऊन कंपनीकडे पोचते आणि विंडोज लॅपटॉपचे १२७. हा आकडा बदलून कंपनीला चकवणारेही असतात. अटींनुसार तो करारभंग ठरू शकतो आणि सेवा बंद होऊ शकते. फोनचे सिम राउटरमध्ये घालणे, जोडणी पुढे विकणे, सर्व्हर चालवणे किंवा स्वयंचलित यंत्रांसाठी वापरणे याही गोष्टींना सहसा मनाई असते. ‘वैयक्तिक वापरासाठी’ एवढ्या दोन शब्दांत हे सगळे बसवलेले असते.

व्हिडिओचे नियम निराळे असतात. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत टी-मोबाइलने ‘बिंज ऑन’ सुरू केले. त्यात ठरावीक सेवांचे व्हिडिओ कोट्यात मोजले जात नसत, पण दर्जा साधारण ४८०पी, म्हणजे ४८० ओळींच्या चित्राइतका, खाली आणला जाई. जाळे व्हिडिओचा प्रवाह ओळखून त्याला सुमारे दीड एमबीपीएसवर, म्हणजे सेकंदाला दीड मेगाबिटवर, रोखत असे. या वेगाने तासाला सुमारे ६७५ एमबी लागतात, तर एचडी व्हिडिओला तासाला ३ जीबीपर्यंत. कंपनीला असे बंधन का आवडते हे यावरून कळते. हे गर्दीपुरते असते तर समजण्यासारखे होते. पण नॉर्थईस्टर्न विद्यापीठातील संशोधकांनी ‘वेहे’ या अ‍ॅपमधून गोळा केलेल्या मोजमापांत अमेरिकी कंपन्या गर्दी नसतानाही व्हिडिओ मंदावत असल्याचे आढळले.

ठरावीक अ‍ॅपचा डेटा न मोजण्याच्या या पद्धतीला झिरो रेटिंग म्हणतात. भारतात दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, ८ फेब्रुवारी २०१६ रोजी मजकुरानुसार वेगळे दर लावण्यास मनाई केली. युरोपीय संघाच्या न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये जर्मनीतील व्होडाफोन आणि टेलिकॉमच्या अशा योजना खुल्या इंटरनेटच्या नियमांविरुद्ध ठरवल्या.

रोमिंगमध्ये, म्हणजे परदेशात तिथल्या कंपनीच्या जाळ्यावर फोन वापरताना, ‘अमर्याद’ सहसा सीमेवर संपते. युरोपीय संघात जून २०१७ पासून सदस्य देशांत घरच्याच दराने फोन वापरता येतो, पण अमर्याद योजनेवर कंपनी रोमिंगपुरती मर्यादा घालू शकते. तिचे सूत्र कायद्यानेच दिले आहे. योजनेच्या करपूर्व किमतीला घाऊक दराच्या, म्हणजे रोमिंगसाठी कंपन्या एकमेकींना लावतात त्या दराच्या, कमाल आकड्याने भागायचे आणि उत्तर दुप्पट करायचे. २०२५ मध्ये तो आकडा प्रति जीबी १.३० युरो होता, म्हणजे करपूर्व २६ युरोंच्या योजनेवर रोमिंगमध्ये किमान ४० जीबी मिळायलाच हवे होते. कंपनीने मनाला येईल तो आकडा ‘रास्त वापर’ म्हणून छापण्यापेक्षा ही पद्धत कितीतरी बरी.

मोजमापावरून होणारे वाद बरेचदा साध्या कारणांचे असतात. फोनमधला मीटर कॅलेंडरच्या महिन्याप्रमाणे धावतो आणि कंपनीचा बिलाच्या तारखेप्रमाणे. एकाचा जीबी १,००० एमबीचा असतो, दुसऱ्याचा १,०२४ चा. वाद झाला तर कंपनीचा आकडा ग्राह्य, असे अटींत लिहिलेले असते. म्हणून फोनच्या सेटिंगमध्ये महिन्याची सुरुवात बिलाच्या तारखेला लावून ठेवणे सोयीचे पडते.

जाहिरातीत ‘अमर्याद’ कधी म्हणावे यावर ब्रिटनच्या जाहिरात संहितेच्या समित्यांनी मार्गदर्शन केले, ते एप्रिल २०१२ पासून लागू झाले. त्यानुसार वापरावरून जादा आकारणी किंवा सेवा बंद होता कामा नये आणि वेगावरची बंधने माफक व स्पष्ट सांगितलेली असावीत. माफक म्हणजे किती, यावर तिथे तक्रारी होत राहिल्या. अमेरिकेत एप्रिल २०२४ पासून मोठ्या कंपन्यांना प्रत्येक योजनेसोबत ठरावीक नमुन्याचे लेबल द्यावे लागते. किंमत, नेहमी मिळणारा वेग आणि समाविष्ट डेटा त्यावर छापलेला असतो. जाळ्याच्या व्यवस्थापनाचे, म्हणजे प्राधान्य आणि व्हिडिओचे, नियम मात्र लेबलवर नसतात. त्यासाठी तिथे फक्त दुवा दिलेला असतो.