सूर्य पाठीशीच हवा, असं कुणी सांगितलं?

रेहेकुरीच्या किंवा नान्नजच्या अभयारण्यात काळवीट कॅमेऱ्यात टिपायला निघालं की कुणीतरी बजावतंच: ‘सूर्य पाठीशी ठेव, नाहीतर फोटो काळा येईल.’ सल्ला खोटा नव्हता, पण तो मंद फिल्मच्या जमान्यातला. तेव्हा प्रकाश जरा कमी पडला तरी हाती काळपट चित्रच यायचं. आजच्या कॅमेऱ्यांना ती अडचण राहिलेली नाही.

सूर्य पाठीशी असला की प्राण्याचे रंग स्वच्छ दिसतात, हे खरं. पण सावल्या त्याच्यामागे लपतात आणि अंगाचा गोलावा हरवतो. त्यात नराची पाठ काळी, पोट पांढरंशुभ्र. काळ्या अंगाने फ्रेम भरली की कॅमेरा ते उजळवायला जातो आणि पोटाचा पांढरा पार उडतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटो किती उजळ यावा याचं सेटिंग, उणे ०.७ च्या आसपास आणा, दोन्ही सावरतं.

आता उन्हं कलताना सूर्य समोर किंवा तिरका घ्या. केसांच्या कडा उजळतात, कानांतून तांबूस उजेड झिरपतो, पिळदार शिंगांवरची वलयं मोजता येतील इतकी उठून दिसतात. कळप पळाला तर धूळसुद्धा सोनेरी. एक्स्पोजर या उजळ कडांवरून ठरवा, अंग गडद राहिलं तर राहू द्या. लेन्सला हूड, म्हणजे आडवं येणारं ऊन अडवणारी पुढची कड, मात्र हवंच.

आणि ‘सोनेरी रंग आलाच नाही’ या तक्रारीत बहुधा दोष ऑटो व्हाइट बॅलन्सचा, म्हणजे रंगांची झाक आपोआप सुधारणाऱ्या सेटिंगचा असतो. उन्हाची पिवळी झाक तो चूक समजून पुसायला बघतो. सेटिंग ‘डेलाइट’वर ठेवा.