'आवश्यकता पड़ने पर पेट खोलकर': दुर्बिणीच्या ऑपरेशनमागचा वाद

गर्भाशय इंदूरच्या मराठी घरांत 'पिशवी' असतं, दवाखान्याच्या काउंटरवर 'बच्चेदानी' होतं. सहीसाठी जो हिंदी कागद पुढे सरकवतात, त्यात खाली कुठेतरी असतं: 'आवश्यकता पड़ने पर पेट खोलकर'. नवरा पेन मागतो, सही होते, ती ओळ वाचायची राहून जाते. दुर्बिणीने, म्हणजे पोटावरच्या छोट्या छिद्रांतून, पिशवी काढण्याच्या ऑपरेशनच्या निकालांवर सगळ्यात जास्त भांडण झालं ते याच ओळीवरून.

कर्करोग नसताना, गाठी किंवा अंगावरून फार जाण्यामुळे पिशवी काढणं जुनंच. खालून, म्हणजे योनीमार्गे, आणि पोटावर छेद देऊन, असे दोन्ही रस्ते एकोणिसाव्या शतकापासूनचे. दुर्बिणीने पहिली पिशवी काढली गेली 1988 मध्ये, अमेरिकेत.

खरी तुलना 2004 मध्ये ब्रिटिश चाचणीतून पुढे आली. गंभीर गुंतागुंत दुर्बिणीच्या गटात 11.1 टक्के, पोट उघडलेल्यांत 6.2. दुर्बिणीचे विरोधक अजून हाच आकडा पुढे करतात. पण दुर्बिणीने सुरू करून मध्येच पोट उघडावं लागलं, तर तीही 'गंभीर गुंतागुंत' धरली होती. अशा जवळपास 4 टक्के. जिचं पोट आधीच उघडलंय तिला ही गुंतागुंत होणार तरी कशी? दोन सिझेरियननंतर मूत्राशय पिशवीला घट्ट चिकटलेलं दिसलं आणि सर्जनने दुर्बीण बाजूला ठेवली, तर माझ्या मते तो शहाणपणा. दुसरी बाजूही खोटी नाही: दोन दिवसांत घरी म्हणून आलेल्या बाईला मोठा टाका घेऊन पडून राहावं लागतं, तिच्या दृष्टीने ठरलेलं बिघडलंच. त्याच चाचणीत दुखणं कमी आणि सावरणं लवकर, हे दुर्बिणीच्या बाजूने निघालं. त्याची चर्चा मात्र फारशी होत नाही.

2015 मध्ये 47 चाचण्यांचा एकत्र आढावा आला. पोटावरच्या छेदापेक्षा दुर्बिणीने बाई साधारण दोन आठवडे आधी कामाला लागते, पण मूत्राशय-मूत्रनलिकेला इजा जास्त. आणि जमत असेल तर खालूनच काढणं बरं. हे शेवटचं वाक्य जाहिरातीच्या बोर्डावर कधी दिसत नाही.

त्याआधी, 2014 मध्ये, पिशवीचे आत तुकडे करणाऱ्या यंत्रावर अमेरिकेत इशारा निघाला: गाठ साधी समजून कापली आणि ती कर्करोगाची निघाली, तर तो पोटात पसरू शकतो. गाठींसाठी ऑपरेशन होणाऱ्या सुमारे 350 बायकांत एक, हा तेव्हाचा अंदाज. पुढे पोटातच बंद थैलीत तुकडे करण्याची पद्धत आली.

आपल्याकडे वाद वेगळ्याच जागी पोचला: पिशवी काढायची गरज होती का? 2015-16 च्या देशव्यापी पाहणीत 15 ते 49 वयाच्या 3.2 टक्के स्त्रियांची पिशवी काढलेली होती, त्यातल्या दोन तृतीयांश खासगीत. अनावश्यक ऑपरेशनं रोखण्यासाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये सगळ्या राज्यांना सांगितलं.

मध्येच पोट उघडलेल्या बाईच्या अंगावर दोन्ही खुणा राहतात, बेंबीजवळचं छिद्र आणि खालचा टाका.