पायाळू बाळ आणि करंगळीचा बिंदू

झियिन हा चिनी सुईचिकित्सेतला (अ‍ॅक्युपंक्चर) बिंदू पायाच्या करंगळीवर, नखाच्या बाहेरच्या कोपऱ्यालगत असतो. चिनी वैद्यक शरीरात जीवनशक्तीचे मार्ग मानतं; त्यांतल्या मूत्राशयाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मार्गावरचा हा 67वा आणि शेवटचा बिंदू. हा मार्ग डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात सुरू होतो आणि डोक्यावरून, पाठीवरून पायाकडे उतरतो. त्यामुळे डोकेदुखी, चोंदलेलं नाक, डोळेदुखी यांवरही चिनी वैद्य करंगळीच गाठत. अडलेली बाळंतीण आणि न पडलेली वार हेही त्याचे जुने उपयोग. आज मात्र तो ओळखला जातो पायाळू बाळाचं डोकं खाली वळवण्यासाठी.

यात सुई टोचत नाहीत. गरोदरपणी इथे सुई नकोच, असं बरीच पाठ्यपुस्तकं बजावतात. दवण्याच्या जातकुळीतल्या एका वनस्पतीची वाळलेली पानं कुटून कागदात घट्ट वळतात. ही कांडी पेटवून करंगळीपासून 2-3 सेंटिमीटरवर धरायची. कातडी लाल व्हावी, पोळू नये. दोन्ही पायांना 15-15 मिनिटं शेक.

चीनबाहेर या शेकाचा बोलबाला झाला तो 1998 साली. जियांगशी प्रांतातल्या 260 पहिलटकरणींवरचा अभ्यास तेव्हा अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आला. सगळ्यांना 33वा आठवडा, सगळ्यांची बाळं पायाळू. निम्म्यांना शेक दिला. 35व्या आठवड्यात शेक घेतलेल्यांपैकी 75.4 टक्के बाळांचं डोकं खाली आलं होतं, बाकीच्यांत 47.7 टक्के.

वाद इथूनच सुरू झाला. दुसऱ्या गटाला खोटा शेकही दिला नव्हता, म्हणजे कोणाला काय मिळतंय हे उघडच होतं. आक्षेप रास्त आहे. पण पोटावरून हात फिरवून बाळ वळवण्याचा उपाय दुसऱ्या गटात 24 जणींवर झाला, शेकाच्या गटात एकीवर. तरी जन्माच्या वेळी शेकाचाच गट पुढे राहिला. हे टीकाकार पुरेसं विचारात घेत नाहीत, असं मला ठामपणे वाटतं.

पुढे इटलीतला, 2005 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास बायकांनी शेक मध्येच सोडल्यामुळे आवरता घ्यावा लागला. 2009च्या स्वित्झर्लंडमधल्या अभ्यासात फरक जवळजवळ दिसलाच नाही: 18 टक्के विरुद्ध 16. मात्र तिथे शेक 34व्या आठवड्यानंतर सुरू झाला होता. तोवर बाळ वाढतं, वळायला जागा कमी उरते. 2023च्या, अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्याने नेहमीच्या देखरेखीला शेकाची जोड दिल्यास पायाळू जन्म बहुधा कमी होतात, असं म्हटलं. सिझेरियनच्या प्रमाणात मात्र फारसा फरक आढळला नाही.