मानेत वाढलेलं हाड आणि ऐकेनाशी झालेली बोटं

ठाणे स्टेशनच्या जिन्यावर कठडा धरून, एकेक पायरी बघत उतरणारे आजोबा रोज दिसतात. बहुतेकांचे गुडघे गेलेले असतात. पण गुडघे ठीक असून पाय जड वाटत असतील, चप्पल नकळत निसटत असेल आणि सदऱ्याची बटणं लावताना बोटं ऐकत नसतील, तर मान तपासावी. ती दुखत नसली तरी.

मणक्यांच्या मागच्या बाजूने, मज्जारज्जूला जवळजवळ खेटून, एक लांब अस्थिबंध, म्हणजे हाडांना जोडणारा चिवट पट्टा (लिगामेंट), खाली उतरतो. काहींमध्ये तो वर्षानुवर्षं हळूहळू हाडात बदलत जातो. जपानमध्ये यावर इतका अभ्यास झाला, की पूर्वी हा जपान्यांचाच आजार मानला जाई. तसं नाही, आपल्याकडेही तो आढळतो, आणि मधुमेह व लठ्ठपणा असलेल्यांत अधिक.

मानेतली मणक्यांची नळी पुढून मागे साधारण १७ मिलिमीटर असते, मज्जारज्जू त्याहून बराच बारीक. त्यामुळे हाड वाढत राहिलं तरी बरीच वर्षं काही कळत नाही. मोकळी जागा संपली, की मेंदूकडून हातापायांकडे जाणारे संदेश अडखळतात. चाल ताठर होते, अक्षर बिघडतं, पुढे लघवीवरचा ताबाही सुटू शकतो.

खरी फसगत मधुमेह्यांची होते. हातापायांना मुंग्या आल्या की घरात सगळे म्हणणार, ‘शुगरमुळे असेल.’ इथे डॉक्टरांची साधी हातोडी कामी येते: मधुमेहाने नसा खराब झाल्या असतील तर गुडघ्याचा झटका मंदावतो, मज्जारज्जू दबला असेल तर तो जोरात येतो. दोन्ही आजार एकत्र असले तर मात्र गुंता होतो. घरी करता येण्यासारखंही एक आहे: मूठ पूर्ण उघडून मिटायची, १० सेकंदांत जमेल तितक्या वेळा. २० पेक्षा कमी झाल्यास न्यूरोलॉजिस्ट गाठावा.

अस्थिबंध हाडात बदलण्याचं आणखी एक कारण म्हणजे जास्त फ्लोराइड असलेलं पाणी. नवी मुंबईला मोरबे धरणाचं पाणी मिळतं, तिथे ही काळजी नाही. पण चंद्रपूर-यवतमाळकडे बोअरवेलचं पाणी पीत वाढलेल्यांनी ते डॉक्टरांना आवर्जून सांगावं. हाडात साठलेलं फ्लोराइड गाव सोडल्यावर लगेच निघून जात नाही.

वाढलेलं हाड तेलाने किंवा गोळ्यांनी विरघळत नाही. सीटी स्कॅनमध्ये ते नीट दिसतं, मज्जारज्जू किती दबलाय ते एमआरआयमध्ये. शस्त्रक्रियेने जागा मोकळी करता येते, पण उशीर झाला तर गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असं नाही. नळी अरुंद झालेल्याचा साधा तोल जाऊन मानेला हिसका बसला, तर हाड न मोडताही हात लुळे पडू शकतात. त्यामुळे सलूनमध्ये मालिशनंतर मान कडकन मोडून देतात, ते अशा माणसाने स्पष्ट नको म्हणावं.