दुर्मीळ शब्दाचं वजन

"नेटवर शोधलं, पण कांद्याच्या रोगाचं काही धड सापडलं नाही," असं एक शेतकरी मित्र परवा म्हणाला. त्यानं टाइप केलं होतं 'कांदा रोग उपाय'. पातीवर नक्की काय दिसतंय, असं विचारल्यावर म्हणाला, "लांबट डाग, मधोमध जांभळट." मग 'कांदा पात जांभळा करपा' असं टाकलं आणि हवी ती माहिती वरच आली.

असं का होतं? बटण दाबलं की यंत्र सगळं इंटरनेट धुंडाळायला धावतं, असा समज आहे. तसं नसतं. पानं आधीच वाचून ठेवलेली असतात, आणि पुस्तकाच्या शेवटी असते तशी सूची तयार असते: कोणता शब्द कोणकोणत्या पानांवर आहे. यंत्र आपल्या शब्दांच्या याद्या काढून एकमेकींशी जुळवतं.

पण सगळे शब्द सारखे मोलाचे नसतात. 1972 मध्ये कॅरन स्पार्क जोन्स या ब्रिटिश संशोधिकेनं मांडलेली कल्पना मला फार देखणी वाटते: जो शब्द जितक्या कमी कागदपत्रांत आढळतो, तितकं त्याचं वजन जास्त. समजा, एकूण पानं 10 लाख. 'उपाय' 1 लाख पानांवर आहे. एकूण पानांना या आकड्यानं भागलं की भागाकार 10, त्याचा लॉगॅरिदम (म्हणजे ती संख्या 10 चा कितवा घात आहे, तो आकडा) 1. 'करपा' फक्त 100 पानांवर. भागाकार 10,000, लॉगॅरिदम 4. म्हणजे 'करपा' चौपट वजनदार. लॉगॅरिदम नसता, तर तो हजारपट जड होऊन बाकीचे शब्द चिरडले गेले असते! आजची शोधयंत्रं अर्थही ताडतात, गूगलनं 2019 पासून त्यासाठी बर्ट हे भाषा-मॉडेल वापरलं. तरी नेमक्या शब्दाची किंमत उतरलेली नाही. मराठीत तर 'कांदा', 'कांद्याचा', 'कांद्यावर' ही नुसत्या अक्षरांच्या हिशेबानं वेगवेगळी नोंद ठरते, म्हणून एका रूपानं जमलं नाही तर दुसरं टाकून पाहावं.

'हळदीनं कॅन्सर बरा होतो' असं टाकलं, तर तेच म्हणणारी पानं पुढे येण्याची शक्यता जास्त. उत्तर आपणच प्रश्नात कोंबलेलं असतं, आणि मग "नेटवर लिहिलंय" म्हणून औषधं थांबवली जातात. 'हळद कॅन्सर चाचणी रुग्ण' असं शोधा.

दुर्मीळ शब्द एकटाही पुरत नाही. मित्रानं नंतर नुसतं 'करपा' टाकलं, तर भाताचा करपा आला. तेव्हा 'कांदा' परत जोडला आणि शेवटी '-भात' लिहिलं, उणे चिन्ह शब्दाला चिकटवून, म्हणजे 'भात' असलेली पानं वगळली जातात.