फॉल्ट कोड म्हणजे निदान नव्हे

डॅशबोर्डवरचा पिवळा 'चेक इंजिन' दिवा लागतो तेव्हा इंजिनाच्या संगणकात, म्हणजे ईसीयूमध्ये, एखादा तरी फॉल्ट कोड नोंदला गेलेला असतो. स्टिअरिंगच्या आसपास, डॅशबोर्डखाली असलेल्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर जोडला की तो वाचता येतो. मात्र कोणता सुटा भाग निकामी झाला आहे हे ईसीयूला दिसत नसते. सेन्सरकडून आलेला किंवा त्यावरून स्वतः काढलेला एखादा आकडा ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला, एवढेच त्याला कळते आणि तेवढेच तो नोंदवतो.

ही व्यवस्था सक्तीची झाली ती मुख्यतः प्रदूषणावर लक्ष ठेवण्यासाठी. अमेरिकेत ती १९९६ च्या मॉडेलांपासून, तर युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून लागू झाली. कोडाची रचना सोपी आहे. 'पी०१७१' यातील 'पी' म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स, पुढचे शून्य म्हणजे सर्व कंपन्यांना समान असलेला कोड (तेथे १ असल्यास तो बहुधा त्या कंपनीचा स्वतःचा असतो), त्यानंतरचा १ म्हणजे हवा व इंधन यांचे मोजमाप, आणि शेवटचे दोन अंक नेमकी तक्रार सांगतात.

पी०१७१ चा अर्थ 'मिश्रण लीन', म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने एक भाग इंधनाला सुमारे १४.७ भाग हवा लागते. धुरात ऑक्सिजन जास्त उरल्याचे ऑक्सिजन सेन्सरने कळवले की ईसीयू इंधन फवारणारा इंजेक्टर किंचित जास्त वेळ उघडा ठेवतो. या दुरुस्तीला फ्युएल ट्रिम म्हणतात आणि स्कॅनरवर ती टक्क्यांत दिसते. वाढवत वाढवत ती २०-२५ टक्क्यांच्या आसपास पोहोचली आणि तरीही मिश्रण लीनच राहिले, तर ईसीयू कोड नोंदवतो. अशा वेळी ऑक्सिजन सेन्सरच बदलून टाकण्याची घाई पुष्कळदा होते. वास्तविक ज्याने खरी बातमी दिली त्यालाच ही शिक्षा असते.

खरे कारण शोधण्यासाठी कोडापेक्षा ट्रिमचे आकडे अधिक उपयोगी पडतात. हवा मोजणारा सेन्सर असलेल्या गाडीत त्याच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला, एखादी रबरी नळी तडकली असेल, तर तेथून न मोजलेली हवा आत शिरते. गाडी उभी असताना इंजिन मुळात थोडीच हवा घेत असल्यामुळे त्या चोरट्या हवेचा वाटा मोठा ठरतो आणि ट्रिम खूप वाढलेली दिसते; फेरे मिनिटाला अडीच हजारांवर नेताच ती झपाट्याने खाली येते. इंधन पंप अशक्त असेल तर चित्र उलटे दिसते: उभ्या गाडीत ट्रिम ठीक असते आणि चढावर, इंधनाची मागणी वाढली की, चढत जाते. ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्टच्या सांध्याला फट असली, तर बाहेरची हवा तेथून आत ओढली जाऊन सेन्सर चांगला असूनही फसतो, ही शक्यताही लक्षात ठेवावी लागते.

मिसफायरची, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटण्याची, ओळख तर आणखी अप्रत्यक्ष असते. प्रत्येक सिलिंडरमधील ज्वलन क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला, क्षणभर गती देते. एखाद्या वेळी ती गती मिळाली नाही, की क्रँकशाफ्टसोबत फिरणाऱ्या दातेरी चाकाचे दाते सेन्सरसमोरून किंचित उशिरा जातात, आणि त्या उशिरावरून ईसीयू सिलिंडर ओळखतो. पी०३०२ म्हणजे दुसरा सिलिंडर. दोष स्पार्क प्लगचा, इग्निशन कॉइलचा, इंजेक्टरचा की झिजलेल्या व्हॉल्व्हचा, हे त्यातून कळत नाही. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असेल तर दुसऱ्याची तिसऱ्यावर बसवून पाहावी. कोड बदलून पी०३०३ झाला तर कॉइलच दोषी. मिसफायर चालू असताना दिवा लुकलुकू लागला, तर मात्र गाडी पुढे दामटू नये, कारण न जळलेले इंधन धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळून त्याला निकामी करू शकते.

कोड नोंदताना ईसीयू त्या क्षणीचा वेग, इंजिनाचे फेरे, पाण्याचे तापमान आणि इंजिनावरचा भार हेही टिपून ठेवतो. या नोंदीला फ्रीझ फ्रेम म्हणतात. दोष थंड इंजिनात उद्भवला की गरम, हे तीवरून कळते, आणि कोड पुसला की तीही जाते. म्हणून पुसण्याआधी ती उतरवून घेणे शहाणपणाचे. पुसण्याबरोबर ईसीयूच्या आपापल्या घटकांवरील स्वयंचाचण्यांचे निकालही 'अपूर्ण' होतात आणि त्या पुन्हा पार पडण्यासाठी गाडी वेगवेगळ्या परिस्थितींत चालवावी लागते. ज्या गाड्यांत कायमस्वरूपी कोडाची सोय आहे, त्यांतील असा कोड स्कॅनरने किंवा बॅटरीची वायर काढूनही जात नाही. संबंधित चाचणी यशस्वी झाल्यावर ईसीयू स्वतःच तो काढून टाकतो.